तीन विटा

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या.
वर चढायच्या.
बर्डीपासून दहा मिनिटांवर, नाग नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
बाबांनी कन्हानची रेती आणून जोतं उचललं
तेव्हा लोक हसले होते,
होमराजजी, घर बांधून राहिले का मचाण?
बाबा टेलिफोनात लाइनमन.
खांबावर चढून त्यांनी पाहिलं होतं
पाणी कुठून येतं, कोणाकडे जातं.

मग डांबर. दर निवडणुकीला एक थर,
जुन्यावरच नवा, खरवडायचे कष्ट कोण घेतो.
पहिली पायरी गेली तेव्हा मी बी.कॉम.ला,
दुसरी धाकट्याच्या लग्नाच्या वर्षी,
तिसरी कधी गेली
लक्षातच आलं नाही.
त्यावर सिमेंट रोड आला,
आणि एका सकाळी फाटकात उभी राहून पाहते
तर भाजीवालीच्या चपला माझ्या गुडघ्याशी.
आता घरात यायला दोन पायऱ्या उतरायच्या.
सामान न हलवता
आम्ही तळघरात राहायला गेलो होतो.

बारापात्रे वकिलांच्या बंगल्यात हाडांचा दवाखाना झाला.
मौंदेकरांकडे डायलिसिस.
त्यांच्या अंगणात जिथे पापड वाळायचे
तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर, आडवे, साखळीनं बांधलेले.
रात्रभर जनरेटर.
एकदा फाटकासमोर गाडी लावली म्हणून
तावातावानं भांडायला गेले,
काच ठोकली,
आत एक बाई रिकामा टिफिन मांडीवर धरून बसली होती.
भंडाऱ्याची. नवरा वर, चौथ्या माळ्यावर.
मी म्हटलं, राहू द्या गाडी.
आणि पाणी आणायला दोन पायऱ्या उतरले.

बिल्डर म्हणजे तरी कोण,
चंदू पानठेलेवाल्याचा गोलू.
लहानपणी माझ्याकडे वजाबाकी शिकायला यायचा.
काहून अडून बसल्या मावशी, म्हणाला,
बेसमेंटात राहून राहिल्या तुम्ही,
अन् मी भाव देऊन राहिलो तळमजल्याचा.
मी भाषण तयार ठेवलं होतं,
बाबा, रेती, मचाण, सगळं.
पण त्या पावसात फ्रिज दोनदा बुडाला होता
आणि गुडघे भाषणाच्या बाजूचे नव्हते.
सही केली. त्याच्याच पेनानं.
हिशेब मात्र पुन्हा एकदा तपासला,
वजाबाकी मीच शिकवली होती ना.

जेसीबीनं जोतं उपटलं तेव्हा
थरांच्या खालून तिन्ही पायऱ्या निघाल्या.
शाबूत.
सगळ्यात खालचीवर
माझ्या तीनचाकी सायकलनं पाडलेला टवका.
हात लावायला पुढे झाले
तर पोरगा ओरडला, बाई, हटा.
ट्रक भरून गेला.
कुठल्यातरी नव्या रस्त्याखाली ती भर पडली असेल,
कोणाच्या तरी पायऱ्या बुडवत.

आता मी तीनशे दोनमध्ये.
बाल्कनीत कूलर ठेवायचा नाही असा सोसायटीचा ठराव आहे,
म्हणून तो हॉलमध्ये, बादलीनं भरते,
मे महिन्यात दिवसातून चारदा.
खिडकीतून मेट्रो दिसते,
माझ्याच उंचीवरून जाते.
खोटं कशाला बोलू,
लिफ्टचं दार उघडतं तेव्हा मला बरं वाटतं.

गोलूनं पार्किंग रस्त्याबरोबर ठेवलं होतं.
दोन वर्षांत रस्ता चार बोटं वर आला.

परवा रात्री पाऊस थांबेना.
लाइट गेली, लिफ्ट मध्येच अडकली,
म्हणून टॉर्च घेऊन जिन्यानं उतरले,
कठडा धरून, एकेक पायरी.
मीटरांच्या शेजारच्या खोलीत
बालाघाटचा रमसू उइके, आमचा चौकीदार,
पलंगाच्या पायांखाली विटा सरकवत होता.
फुलवंती वर पोर घेऊन बसली होती,
गॅसची शेगडी मांडीवर.
पाणी घोट्याला.
प्रत्येक पायाखाली दोन विटा.

मी टॉर्च खाली धरला.
म्हटलं, तीन लाव.
दोन पुरत नाहीत.